'तेव्हा' काढा

कर्वेनगरातल्या एका कॉलेजात मंतशा शेख तत्त्वज्ञान शिकवायची, म्हणजे दर जूनला नव्याने नेमली जायची. शनिवार पेठेतलं अब्बूंचं घड्याळांचं दुकान बंद झाल्यापासून घर तिच्याच पगारावर होतं. त्यामुळे नेमणुकीचे दिवस आले की ती भिंतीशीसुद्धा वाद घालत नसे.

तिच्या प्रबंधाचं म्हणणं असं: जुने तत्त्वज्ञ राजाला तोंडावर जुलमी म्हणत नसत, कारण मान शिल्लक हवी असायची. ते इतिहास लिहीत. पूर्वी इथे प्रजेची सभा भरायची, राजा तिला विचारून कर लावायचा, एवढंच. बाकीचं वाचक समजून घ्यायचा.

प्राचार्य हिंमतराव देशमाने यांनी हा प्रबंध वाचला नव्हता. म्हणूनच सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी कॉलेजचा इतिहास त्यांनी तिला लिहायला सांगितला.

तिने लिहिलं, 'तेव्हा विद्यार्थ्यांच्या निवडणुका होत. तेव्हा भर सभेत प्राचार्यांना प्रश्न विचारले जात.'

"मॅडम, हा 'तेव्हा' जरा टोचतो," हिंमतराव म्हणाले. "आत्ता होत नाही असं वाटतं."

"आत्ता होत नाहीच, सर."

"ते वेगळं. वाटायला नको. काढा तो."

"मग वाक्य वर्तमानकाळात न्यावं लागेल."

"न्या की! कॉलेज पुढे चाललंय, वाक्यच का मागे ठेवता?"

नेमणुकीचे दिवस होते. मंतशाने काढला.

स्मरणिकेत छापून आलं, 'विद्यार्थ्यांच्या निवडणुका होतात. भर सभेत प्राचार्यांना प्रश्न विचारले जातात.' दुसऱ्या दिवशी एस.वाय.ची राजनंदिनी अख्खा वर्ग घेऊन प्राचार्यांच्या दारात.

"सर, उमेदवारीचा अर्ज कुठे मिळेल?"

"अगं, ते जुनं आहे."

"इथे 'होतात' आहे, सर. खाली तुमची सही आहे. आणि हा प्रश्न विचारलेला धरायचा ना? सभा तर भरलीच आहे."

हिंमतरावांनी मंतशाला आत बोलावून दार लावलं. "बाहेर जा आणि सांगा, 'हे मी लिहिलं, माझं व्याकरण चुकलं.' तेवढं बोललात की नेमणुकीवर सही करतो."

ती बाहेर आली. तिच्या तत्त्वज्ञांचं बरं होतं. त्यांचे वाचक असे दारात येऊन उभे राहिले नव्हते.

"मॅडम, व्याकरण चुकलंय का?" राजनंदिनीने विचारलं.

मंतशाने तिच्या हातातल्या स्मरणिकेतलं वाक्य वाचलं. दोनदा.

"नाही," ती म्हणाली. "वाक्य बरोबर आहे. कॉलेजचंच काहीतरी चुकलंय."

पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या नका रे, प्लीज," ती म्हणाली. अब्बूंना काय सांगायचं ते त्या आवाजात तिला सुचत नव्हतं.