लावलेली खिडकी

केयूरच्या घरी, कर्वेनगरला, त्याच्या मामेबहिणीचे केळवण होते. ऑफिसातला मित्र म्हणून मलाही आमंत्रण होते. अनोळखी माणसांत हात कुठे ठेवावेत हे मला कधीच कळत नाही, म्हणून मी खिडकीलगतची खुर्ची धरली होती. दुपारचे जेवण लांबत लांबत संध्याकाळ झाली.

"सलोनी, उखाणा झाला, आता गाणं," केयूरची आई, श्यामलाकाकू, म्हणाल्या.

"नको गं आत्या. सोडलंय मी गाणं."

"विशारदच्या तोंडाशी येऊन? कुणी सांगितलं सोडायला?"

"शेजाऱ्यांनी. न बोलता." ती हसली. "सदाशिव पेठेत खोली होती ना माझी, बोळाकडे खिडकी. समोर एक रसिक राहायचे. सकाळी मी तंबोरा लावला, की धाड्कन खिडकी बंद! तीसुद्धा फुटक्या काचेची, वर कॅलेंडरचं पान. रोज तेच. म्हटलं, पाटी लागण्याआधी आपणच गप्प बसावं."

"पेठेतला माणूस तो," केयूर म्हणाला. "पाटीशिवाय सोडलं, हेच उपकार!"

सगळे हसले. ते कॅलेंडरचे पान मीच चिकटवले होते.

दोन वर्षे माझी सकाळ त्या आवाजाने उजाडत असे. उघड्या खिडकीत उभे राहून परक्या मुलीचे गाणे ऐकणे मला अशोभनीय वाटे. म्हणून तंबोरा वाजताच मी खिडकी लावून घेई आणि तिच्याखाली, भिंतीला टेकून, शेवटच्या सुरापर्यंत बसून राही. चौकट फुगलेली होती. आपटल्यावाचून खिडकी बसत नसे. एके दिवशी तोडी अर्ध्यावर थांबली, ती पुन्हा आली नाही. खोली सोडली असेल, असे मी समजलो. तिचा चेहरा मी आज प्रथमच पाहत होतो.

आत्याच्या आग्रहापुढे तिने अखेर आवाज लावला. तेवढ्यात काकू मला हळूच म्हणाल्या, "अरे, तेवढी खिडकी लावून घे. डास येतील."

माझा हात कडीपर्यंत गेला. सलोनी गातागाता त्या हाताकडेच पाहत होती.

"राहू द्या, काकू."

खिडकी उघडी राहिली. पण वरचा षड्ज लागला नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला, खाकरली, थांबली. "गेला आवाज," ती म्हणाली, आणि कुणीतरी जिलब्यांचे ताट पुढे केले.

मी चपला शोधत होतो, तेव्हा ती पाहुण्यांना निरोप द्यायला दारात आली.

"ती खिडकी माझी होती," मी कसेबसे म्हणालो. "लावून घ्यायचो, पण आत बसून ऐकायचो. रोज."

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागावली असती तर बरे झाले असते.

"अहो," ती म्हणाली, "मग एक दिवस तरी उघडी ठेवायचीत."

आतून हळदीकुंकवासाठी हाक आली आणि ती गेली. मला माझी दुसरी चप्पल बराच वेळ सापडली नाही.