झाकणावरची नावं

प्रयोगशाळेत तिला सगळे घाईबाई म्हणत, आणि हे नाव काही उगीच पडलं नव्हतं. तीन वर्षं ती स्नायूंच्या कोवळ्या पेशी सांभाळत होती. या पेशींना पोटभर खाऊ घातलं की त्या नुसत्या वाढत सुटतात. खाणं कमी केलं की मात्र वाढणं थांबवतात आणि एकमेकींत मिसळून लांबलचक तंतू होतात. पोटाला चिमटा बसल्याशिवाय शहाणपण येत नाही, ते त्यांनाही चुकलेलं नाही. पण त्यांच्यात कॅन्सरचं जनुक घातलं, की उपाशी ठेवूनही पोरकटपणा सुटत नाही. हेच तिला दाखवायचं होतं. चार वाजता समिती बसणार होती. पेशींचे फोटो पटले तर शिष्यवृत्ती आणखी वर्षभर, नाहीतर चंबूगबाळं आवरून घरी.

सकाळी तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि उडालीच. जनुक घातलेल्या पेशींच्या डिशमध्ये तंतूच तंतू, साध्या पेशींच्या डिशमध्ये नुसती गर्दी, म्हणजे सगळं उलटंच. नाश्ता राहिला बाजूला. तिने आईला फोन करून आपण जगप्रसिद्ध होणार असल्याचं कळवूनही टाकलं.

मग डिश उचलताना मनात पाल चुकचुकली. नावं झाकणांवर होती, डिशचे तळ कोरे. तळावर लिही, झाकण फिरतं, असं तिच्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आणि काल खाणं बदलताना तिने दोन्ही झाकणं एकदमच काढली होती.

फोटोंखालची नावं गुपचूप फिरवली असती, तर हवं तेच उत्तर मिळत होतं. कुणाला पत्ता लागला नसता. पण झाकणं खरंच फिरली होती का, हे तिलाही कुठे ठाऊक होतं? तिचा हात दोनदा माउसवर गेला. शेवटी ती मॅडमच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"कुठली डिश कुठली, मला माहीत नाही," ती म्हणाली.

मॅडमनी चष्मा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "पेशी जिवंत आहेत ना? मग त्यांनाच विचार. चार वाजेपर्यंत वेळ आहे."

तिने दोन्ही डिशमधल्या थोड्या थोड्या पेशी काढून जनुकाची तपासणी लावली. पावणेचारला उत्तर आलं: झाकणंच फिरली होती. समितीपुढे तिने फोटोंच्या आधी आपली चूक सांगितली. वर्ष मिळालं.

संध्याकाळी आईचा फोन आला, झालीस का जगप्रसिद्ध म्हणून. तिने सगळं सांगितलं. पेशींचं कौतुक तीन वर्षं ऐकून आईचं पाठ झालेलं. आईने विचारलं, "आणि दिवसभरात जेवलीस का?"

"नाही गं."

"तरीच आज शहाण्यासारखी वागलीस," आई म्हणाली.