बोटाएवढा दांडा

स्वप्निलने आणलेला खोका पाहून पहिल्यांदा मी हसलोच होतो. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून कुडव्याच्या घरापर्यंत तो मी माझ्या स्कूटरवर पायांमध्ये उभा धरून आणला, आणि स्वप्निल, माझा धाकटा भाऊ, मागून आरामात ऑटोने आला. रस्त्यात दोघांनी विचारलं, "का भाऊ, नवा टीव्ही का?" मी मान हलवली. काय सांगणार?

आत प्लॅस्टिकचे साडेसात हजार तुकडे होते. एकमेकांत बसवत गेलं की कुठल्याशा इंग्रजी सिनेमातलं अंतराळयान तयार होतं म्हणे, पाटाएवढं लांब. चाळिशीला टेकलेला माणूस कॅनडातून तीन वर्षांनी घरी येतो, पंधरा दिवसांची सुट्टी घेऊन, आणि आणतो काय, तर खेळणं. रात्री जेवताना मी माझ्या बायकोला, नीतूला म्हटलं, "पाय, लई शिकलं की असं होते."

माझं हसू दुसऱ्या दिवशी सकाळी जिरलं, कारण बाबूजी त्या खोक्याजवळ जाऊन बसले.

बाबूजी म्हणजे भैयाजी बिसेन, गोंदियातले जुने मिस्त्री. इथल्या निम्म्या राइस मिलमधली यंत्रं कधी ना कधी त्यांनी उघडून पुन्हा बंद केलेली आहेत. आता शहात्तर वर्षांचे झाले, हात थरथरतो, माय गेल्यापासून खुर्ची सोडत नाहीत. सतराव्या वर्षापासून मी त्यांच्या हाताखाली होतो. सकाळी सायकलवर पुढे ते, मागे डबा धरून मी. सोळा वर्षं. त्या सोळा वर्षांत मला त्यांच्याकडून काय मिळालं ते सांगतो. "हात हायेत का फावडे?" हे मिळालं. "अक्कल घरी ठेवून आला का?" हे मिळालं. एकदा पाना फेकून मारला, तोही मिळाला, कपाळावर खूण आहे. पुढे मी रोडवर स्वतःचं लेथचं दुकान टाकलं. त्याला तेरा वर्षं झाली, आणि बाबूजी तिथे दोनदा आले. एकदा पूजेला आणि एकदा खाटेचा पाय घेऊन.

आणि आता हेच बाबूजी जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि नीतूला सांगत होते, "पोरी, सूप आण. घरचे आण अन् मुन्नालालच्या घरचे बी आण."

शेजारच्या मुन्नालालकडची धरून नऊ सुपं जमली. धान पाखडायच्या सुपांत करड्या रंगाचे तुकडे, लांब एकात, आखूड एकात, दातेरी एकात. मिलमध्ये बाबूजींचा नियमच होता: उघडलेल्या मशीनचा नटन्‌नट मोजून मांडायचा, आणि मोज जुळल्याशिवाय जेवायचं नाही. मी तो नियम शिव्या खाऊन शिकलो. स्वप्निलला मात्र ते मऊ आवाजात सांगत होते, "हा पाय बरं बेटा. हाच होय ना पुस्तकातला?"

बेटा! शेहेचाळीस वर्षांचा झालो, मला त्या माणसाने कधी बेटा म्हटलेलं नाही.

मग रोज तेच. जुनं दार दोन ड्रमांवर आडवं टाकून त्यावर यान वाढत होतं. दुपारी मी दुकानातून जेवायला यायचो, तर दोघांची डोकी एकमेकांना लागलेली. स्वप्निल तुकडा दाबायचा, बाबूजी चष्मा कपाळावर चढवून खालून बघायचे आणि म्हणायचे, "बसला. टक्क बसला." मी आलो, जेवलो, गेलो, कोणाला पत्ता नसायचा. मुन्नालाल तर मला म्हणाला, "भुपेंद्र, तुम्हारे पिताजी दस साल छोटे हो गए रे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घर की मुर्गी दाल बराबर म्हणतात ते उगाच नाही. रोज दवाखान्यात मी नेतो, औषधं मी आणतो, नखं नीतू कापते, आणि दहा वर्षांनी तरुण होतात ते पाहुण्याला पाहून.

जळत होतो मी, सरळ सांगतो. भावावर, त्या खोक्यावर, सुपांवरसुद्धा.

दहाव्या दिवशी दुपारी घरी आलो तेव्हा दोघं हात धुवायला मोरीवर गेले होते. यान जवळपास उभं राहिलं होतं. मागचा इंजिनाचा मोठा घेर तेवढा बाजूला ठेवलेला. पुस्तक उघडं होतं आणि त्यात दाखवलं होतं की तो घेर मधल्या सांगाड्याला एका दांड्यावर बसतो. बोटाएवढा लांब, एका टोकाला टोपी, अंगाला चार खाचा. असा लांब दांडा सगळ्यांत एकच. तो छोट्या सुपात वेगळा काढून ठेवलेला होता.

मी तो उचलून शर्टाच्या खिशात टाकला.

यात माझा हिशेब असा: मोज जुळली नाही की बाबूजींचं काम थांबतं. थांबू दे. राहिलेले पाच दिवस दोघं दोन बाजूंना तोंडं करून बसतील. एवढंच मला हवं होतं, यापेक्षा शहाणपणाचं काही नव्हतं त्यात.

दांडा नाही म्हटल्यावर घर डोक्यावर घेतलं गेलं. सगळी सुपं उपडी केली, खाट सरकवली, घुशीचं बीळ पाहिलं. शेवटी बाबूजी नीतूवर घसरले. "सकाळी झाडू कोणं मारला? पायलं होतं का केरात?"

"पायलं होतं मामाजी," नीतू सासऱ्यांना म्हणाली. "काहीच नव्हतं जी."

"मंग का उडून गेला?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिथेच ताटावर बसलो होतो. मी भाताचा घास गिळला आणि पुढचा कालवला.

स्वप्निल म्हणाला, "राहू द्या बाबूजी. कंपनीले लिहिलं तर ते फुकटात पाठवते. तीन-चार हप्ते लागतीन."

"तीन-चार हप्ते?" बाबूजी ताठ झाले. "हंगामात मिल बंद ठेवून कोणी कंपनीची वाट पायते का? आमी कधी पायली? शाफ्ट तुटला तर रातीतून शाफ्ट बनवला आमी." आणि मग माझ्याकडे वळले. "भुपेंद्र, लेथ चालू हाये ना तुही? उठ. माह्या चपला दे."

मिस्त्रीचा मुलगा असून मी हे विसरलो होतो. मोज जुळली नाही तर थांबायचं, हा अर्धा नियम झाला. उरलेला अर्धा असा की गोंदियात हरवलेल्या पार्टची वाट पाहत नाहीत, बनवतात. हे दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसाला कळलं नसतं तर चाललं असतं, मला कळायला हवं होतं.

बाबूजी माझ्या स्कूटरवर मागे बसून दुकानात आले. स्टूल झटकून दिलं, त्यावर बसले. मी यंत्रांच्या बुशसाठी आणलेल्या नायलॉनच्या रॉडचा तुकडा काढला. अस्सल दांडा माझ्या छातीवरच्या खिशात, आणि मी बाबूजींना विचारतोय, "जाडी किती ठेवू?" ते स्वप्निलने दिलेल्या आखूड दांड्यावरून माप घेत होते.

लेथवर गोल करणं सोपं होतं. खाचा कानशीने काढायच्या होत्या, चार, चारही सारख्या. पहिला दांडा मोडला. दुसरा एका बाजूने जास्त घासला गेला. मी खाली मान घालून शिवीची वाट पाहिली. शिवी आली नाही. बाबूजींनी आपला थरथरता हात माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "दाब नोको देऊ. कानसले आपल्या वजनानं जाऊ दे."

स्वप्निल पहिल्या दिवशी आला होता. थोडा वेळ दारात उभा राहिला, बसायला जागा नव्हती, मग परत गेला. मी त्याला बस म्हटलं नाही.

तीन दिवस लागले. ते तीन दिवस मला कोणी पुन्हा देईल तर मी लेथ विकून घेईन. बाबूजी चहा पीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवत, जुन्या मिलच्या गोष्टी सांगत. तिसऱ्या दुपारी पाचवा दांडा त्यांनी उजेडाकडे धरून फिरवला, बराच वेळ फिरवला, आणि म्हणाले, "हात चांगला हाये तुहा."

मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेलो.

संध्याकाळी दांडा यानात बसला, टक्क. घेर डुगडुगलासुद्धा नाही. बाबूजींनी मुन्नालालला बोलावलं, समोरच्या पुष्पाबाईला बोलावलं. पुष्पाबाई म्हणाली, "मोठं साजरं झालं जी." बाबूजींनी तिला यान दाखवलंच नाही, दांड्यावर बोट ठेवलं. "हा आमच्या भुपेंद्रनं बनवला. कंपनीच्या बापाले नाही जमाचा." मग मला म्हणाले, "सकाळी येतोच दुकानात. ते पुलीचं काम अडलं म्हणत होता ना, ते पाहू."

मी हवेत होतो. अंगणात आलो तर स्वप्निल बॅग भरत बसला होता. परवा सकाळी त्याचं विमान होतं. मी उगाच विचारलं, "कसं वाटलं?"

"मस्त झालं," तो म्हणाला. मग कपड्यांची घडी तशीच मांडीवर ठेवून म्हणाला, "दादा, तुहा लई हेवा वाटते मले."

मला वाटलं थट्टा करतोय.

"खरंच. तुमी दोघं सायकलवर जात, मी सुट्टीत वसतिगृहातून आलो का दारात उभा राहून पायत राहो. बाबूजी दिवसभर तुह्यावर ओरडत. मले कधी एक शिवी नाही दिली त्यायनं. बेटा जेव, बेटा झोप. पावण्याले कोणी शिव्या देते का?" तो घडी नीट करत राहिला. "यान-फान मले का करायचं होतं दादा? त्यायच्या हाताले काम पायजे अन् मले त्यायच्याजवळ बसाले भेटलं पायजे, म्हणून आणलं. साडेसात हजार तुकडे. हिशेब केला होता, रोज पाचशे. बरोबर पंधरा दिवस पुरते."

मी खिशातला अस्सल दांडा काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. खोटं बोलायला सुचलं असतं तर बोललो असतो, पण सुचलं नाही.

स्वप्निलने तो उलटा-सुलटा करून पाहिला. त्याला कळायला वेळ लागला नाही. 

"तीन दिवस होते हे माहे," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

घरात गेल्यावर मी नीतूला सांगितलं. ती माझ्याकडे पाठ करून भांडी घासत राहिली, आणि ते बरोबरच होतं.

सकाळी बाबूजी धुतलेला शर्ट घालून, चष्मा पुसून, माझ्या आधी स्कूटरजवळ उभे होते. केसांना तेल लावलं होतं. इतक्या वर्षांत ते माझी वाट बघत उभे आहेत असं मी पहिल्यांदा पाहिलं.

"बाबूजी, आज नका येऊ," मी म्हटलं.

"काऊन?"

खरं सांगितलं असतं तर ते स्वप्निलसमोर माझ्यावर भडकले असते आणि त्याचा शेवटचा दिवसही माझ्याच पायी गेला असता. गोड बोललो असतो तर ते ऐकणारे नव्हते. म्हणून मी म्हटलं, "दुकानात काम हाये. तुमी बसता, मंग माहं काम खोळंबते."

त्यांनी स्कूटरच्या सीटवरचा हात काढून घेतला. 

"असं," ते म्हणाले. "काम निघालं अन् बुढा अडचण झाला. जा! हात नाही, फावडेच हायेत तुहे. त्या दांड्याची एक खाच तिरपी हाये, स्वप्निलसमोर बोललो नाही म्या म्हणून!"

काठी आपटत आत गेले. मी स्कूटरला किक मारली, लागली नाही. आतून त्यांचा आवाज आला, तोच मऊ. "बेटा स्वप्निल, का करून राहिला? ये बस." मग थोड्या वेळाने दोघांचं हसू.

लोक सांगतात, चांगलं काम केल्यावर माणसाला हलकं वाटतं. कसलं काय. दुकान येईपर्यंत मी त्या हसण्यावर जळतच होतो. आणि ऐकून ठेवा, त्या दांड्याची एकही खाच तिरपी नव्हती.