देवाचं पाणी अन् सिंधुचे सहा डबे

सिंधु माझ्याशी का बोलत न्हाई, हे तुम्ही सगळ्याजणी तिलाच विचारून राहिल्या. मला एकीनं विचारलं न्हाई. तर बसा आता, पुढचा तास रिकामाच हाय, सांगून टाकते. ही निलंग्याची नवीन आलीय म्हणून पहिल्यापासून सांगते, बाकीच्यांनी मधे बोलायचं न्हाई.

मी अन् सिंधु पार्वतीबाईंच्या घरी एका खोलीत राहतो. खोली एक, चूल एक, कंदील एक. वर्गात पहिला नंबर मात्र तिचा एकटीचा. तिचं अक्षर छापल्यासारखं, माझं मुंग्या चालल्यासारखं. तिचं नाव सिंधु, अन् माझं? आजीचं नाव चालवायचं म्हणून धुरपता. हजेरी घेताना सर धुरपता म्हणले की मागच्या बाकावरची पोरं घसा साफ करतात. सिंधुला कोणी काही करत न्हाई. हे मी तिच्यावर जळते म्हणून सांगून राहिले असं समजा, जळतेच मी, त्यात लपवण्यासारखं काय हाय.

आता बघा, लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली. आधी विज्ञानाचं प्रदर्शन म्हणलं की उस्मानाबाद, अन् तिथं आपल्याला विचारतंय कोण. औंदा पहिल्यांदा लातूरचं वेगळं प्रदर्शन, अन् तिथला पहिला नंबर थेट नागपूरला, राज्याच्या प्रदर्शनाला. पण एका कॉलेजातून एकच प्रयोग जाणार. वीरण्णा सरांनी वर्गात सांगितलं तेव्हा मी सिंधुकडं बघितलं अन् सिंधु माझ्याकडं. दोघींपैकी एक, हे तिथंच ठरलं.

मी घेतला धूमकेतू. शहात्तर वर्षांनी आलाय, परत येईपर्यंत आपण म्हाताऱ्या होऊ. चष्मेवाल्याकडून एक भिंग आणलं, घड्याळजीकडून एक, मधे पत्र्याचा पाइप, आतून काजळी फासली. दिवस बुडाला की छपरावर चढून मावळतीकडं बघायची. अन् दिसला मला, खरंच दिसला, फळ्यावरचा खडू बोटानं पुसल्यासारखा डाग. रोज वहीत चित्र काढायची, कोणत्या ताऱ्यापासून किती सरकला ते लिहायची. पार्वतीबाई खालून ओरडायच्या, "उतर खाली धुरपे, त्या शेपटीवाल्यानंच पाऊस पिऊन टाकलाय, त्याला कशाला आणखी बोलवून राहिली?"

अन् सिंधुनं काय घेतलं, तर पाणी. कृषी विद्यापीठातल्या कोण्या साहेबांनी सरांना एक पावडर दिली होती. मक्याच्या पिठापासून काहीतरी प्रक्रिया करून बनवतात, चिमूटभर पाण्यात टाकली की साबुदाण्यासारखी टम्म फुगते, वजनाच्या शंभर पट पाणी पिते म्हणे. ती मातीत मिसळली तर रोप किती दिवस बिनपाण्याचं तगतं, हा तिचा प्रयोग. डालड्याचे बारा डबे, सगळ्यांत हरभरा. सहा डब्यांत साधी माती, सहांत पावडरची. अन् ओल मोजायला तिनं स्वतः यंत्र केलं बरं का. काड्याच्या पेटीत प्लास्टर ओतायचं, त्यात दोन तारा उभ्या करायच्या, वाळलं की ती वडी मातीत पुरायची. माती ओली तर वडी ओली, वडी ओली तर तिच्यातून करंट जास्त जातो अन् मीटरचा काटा चढतो. माती वाळली की काटा उतरतो. सोपं हाय, मला का सुचलं न्हाई याचाच राग.

एका रविवारी तिनं सगळ्या डब्यांना मोजून पाणी घातलं, अन् त्यानंतर थेंब न्हाई. रोज संध्याकाळी पाच वाजता काटा बघून लिहायची. सकाळी बघत न्हवती, कारण सकाळी पाण्याच्या टँकरला रांगेत तिची पाळी, पाचलाच घागरी घेऊन जायची ती आठला यायची. माझी पाळी संध्याकाळची. म्हणजे सकाळी अंगणात मी असायचे अन् पार्वतीबाई.

साध्या मातीचा हरभरा नवव्या दिवशी गेला. पावडरचा हिरवा होता. पण बाराव्या दिवशी त्यानंही माना टाकल्या, काटा चौदावर आला. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बारा दिवस काही वाईट न्हाई, पण धूमकेतूपुढं बारा दिवस काय.

आता खरी गंमत ऐका. पार्वतीबाईंची तुळस दिवाळीपासून वाळत होती, ती त्याच दिवशी पार गेली. त्यांनी काडी उपटली, पाया पडल्या अन् वृंदावन रिकामं ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवपूजा झाली, हातात फुलपात्र घेऊन बाहेर आल्या अन् अंगणात उभ्याच राहिल्या. देवाच्या आंघोळीचं पाणी ते, मोरीत टाकता येत न्हाई, पायाखाली आलेलं चालत न्हाई, अन् टँकरच्या दिवसांत ते वाया घालवायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. इकडं तिकडं बघितलं. अख्ख्या अंगणात हिरवं म्हणून एवढे सहा डबेच होते. गेल्या सरळ, अन् घोट घोट सहाही डब्यांत ओतलं. वाळलेल्या सहा डब्यांकडं बघितलंसुद्धा न्हाई.

मी तिथंच वेणी घालत बसले होते. तोंड उघडलं होतं सांगायला, देवाशपथ. पण उघडलं अन् मिटलं.

संध्याकाळी सिंधुनं काटा बघितला. चौदाचा एकोणीस झाला होता. तिनं वडी हलवून बघितली, तारा घासल्या, परत लावल्या. एकोणीसच. मग माझ्याकडं वळली, डोळे असे मोठे. "धुरपे, काटा चढलाय. पाणी घातलं न्हाई अन् काटा चढलाय."

"मग?" मी म्हणले.

"मग रात्रीचं दव असणार. पावडर हवेतलं पाणी ओढून राहिलीय."

मी म्हणले, "असंल बाई."

एवढंच म्हणले. पुढं रोज सकाळी पार्वतीबाई ओतायच्या अन् रोज मी माझ्या धूमकेतूच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवायची. आज साडेसहा, पूर्ण फुलपात्र. आज सात, अर्धं. एकादशीला दोन. का लिहायची? कारण माझ्या मनात चित्र होतं. सिंधु प्रदर्शनात मोठ्या लोकांपुढं हवेतल्या पाण्याचं सांगतेय, कोणीतरी विचारतंय, ती अडकतेय, अन् मग मी हळूच पान काढतेय. रात्री झोपताना ते चित्र मी परत परत बघायची. लई गोड लागायचं.

पण झालं उलटं. एकविसाव्या दिवशी सर घरी आले. आधी माझ्या दुर्बिणीतून बघितलं. बराच वेळ डोळा लावून म्हणले, "मला तर विजेचा खांब दिसून राहिलाय." मी पाइप सरकवला. "आता?" "आता दोन खांब." मग सिंधुचे डबे बघितले, आलेख बघितला, अन् खालीच बसले. तीन आठवडे. हरभरा हिरवागार. मला म्हणले, "धुरपता, तुझं काम चांगलं हाय, पण दुष्काळ चालू हाय. लोक पाण्याचं विचारतील, शेपटीचं न्हाई." झालं. सिंधुचं नाव गेलं.

तवाही मी गप होते. प्रदर्शनापर्यंत गपच राहिले असते. पण दुसऱ्याच दिवशी, रविवारी, आमचे अण्णा मुखेडहून आले, ज्वारीचं पीठ अन् शेंगाची चटणी घेऊन. अण्णांनी दोन वर्षांखाली साठ मोसंबीची रोपं लावलीत. विहिरीत हातभर पाणी, बैलांना तेच अन् रोपांना तेच. दर आठवड्याला रोपामागं दोन घागरी, आई अन् अण्णा दोघं वाहतात. सिंधुनं त्यांना डबे दाखवले, छापल्यासारख्या अक्षरातला आलेख दाखवला. अण्णा वाकून वाकून बघत होते. माझी दुर्बीण कोपऱ्यात होती, तिच्यावर त्यांनी टोपी ठेवली.

"तीन आठवडे?" अण्णांनी विचारलं.

"हाव काका. दव ओढते ती."

"मग मी एक पाळी देतो अन् तीन आठवडे हातच लावत न्हाई. तेवढं पाणी बैलांना होईल." सिंधुनं सरांना विचारून उरलेली पावडर पुडीत बांधून दिली. अण्णा मला म्हणले, "बघ, असं काहीतरी करावं माणसानं. तू काय आभाळात बघून राहिली?"

एक तर बोलणं लागलं, अन् दुसरं म्हणजे बाराव्या दिवशी खाली पडलेल्या माना मी बघितल्या होत्या. साठ रोपं. स्टँडवर बस लागली तेव्हा मी खिडकीशी गेले. म्हणले, "अण्णा, पाणी थांबवू नका. ते तीन आठवड्याचं खरं न्हाई."

"का?"

"पार्वतीबाई रोज पाणी घालतात त्याला."

अण्णांनी खिडकीतून वाकून विचारलं, "जळतीस का गं तिच्यावर?"

"जळते. पण पाणी घालतात."

"बरं," ते म्हणले, अन् बस निघाली. त्यांना पटलं न्हाई, मला कळलं. माझं कोणी ऐकणार न्हाई, ऐकलं तर सिंधुचंच ऐकतील. म्हणजे सिंधुलाच सांगावं लागणार.

घरी आले. ती भाकरी थापत होती. मी वही उघडून मागचं पान तिच्यापुढं धरलं. तिनं वाचलं, पिठाच्या हातानं वही ओढून घेतली, परत वाचलं. तव्यावरची भाकरी करपली तरी उठेना.

"दहा दिवस," ती म्हणाली. "दहा दिवस तू बघत होतीस अन् लिहीत होतीस."

"हाव."

"अन् माझ्या ताटात जेवत होतीस."

ती पार्वतीबाईंकडं गेली. त्या शांतपणे म्हणल्या, "म्हणजे काय झालं? देवाचं पाणी हाय, घाण न्हाई. अन् मेलेल्याला पाणी घालून काय करू, जित्याला घातलं." सिंधु तिथंच वृंदावनाच्या कट्ट्यावर बसली अन् रडली, मग उठून आलेख काढला अन् माझं पान त्याच्या शेजारी ठेवलं. मी लांबून बघत होते. बोट आलेखावर, मग माझ्या पानावर, परत आलेखावर. तिचं रडू थांबलं. जिथं माझ्याकडं अर्धं फुलपात्र, तिथं तिच्याकडं काटा दोन घरं खाली. एकादशीला दोन फुलपात्रं, तिथं काटा वर. घोटभर पाण्याचा फरक तिच्या प्लास्टरच्या वडीनं पकडला होता.

सोमवारी ती सरांकडं गेली, सगळं सांगितलं, माझंही सांगितलं. सर माझ्यावर काय बोलले ते मी सांगत न्हाई. तिनं त्यांच्याकडून मुखेडला पत्र लिहून घेतलं, अण्णांची पाळी थांबली न्हाई. अन् प्रदर्शनात तिनं पावडर मागं टाकली, यंत्र पुढं केलं. डबे उचलायला मी गेले होते, तिनं बोलावलं न्हवतं तरी. परीक्षकांनी विचारलं, "घोटभर पाणी कळतं याला, हे कशावरून?" तिनं दोन्ही कागद दाखवले.

"ही नोंद कोणाची?"

"हिची. हिनं रोज बघितलं अन् मला सांगितलं न्हाई," सिंधु म्हणाली. तशीच, सपाट आवाजात. ते परीक्षक हसले, त्यांना वाटलं मुद्दाम ठरवून केलं, म्हणले, "वा, म्हणजे तुला माहीत नसताना तपासणी झाली." पहिला नंबर. माझं मुंग्यांचं अक्षर पुठ्ठ्यावर चिकटवून नागपूरला चाललंय, अन् मी इथं.

त्याच सोमवारी तिनं पावडरच्या डब्यांना मोजून पाणी घालून प्रयोग पुन्हा पहिल्यापासून सुरू केला होता. देवाच्या पाण्यासाठी पार्वतीबाईंना वेगळी कुंडी आणून दिली. अन् काल सकाळी नागपूरची गाडी पकडायच्या आधी, बारा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. वही माझ्यापुढं टाकली. "तीन दिवस काटा तू लिही. पाच वाजता."

मी म्हणले, "माझ्यावर भरवसा हाय?"

"न्हाई. पण माझ्याकडं तुझ्याइतकं बारीक कोणी बघत न्हाई."

अन् गेली.

काल पाचला मी काटा बघितला. मागच्या खेपेला बाराव्या दिवशी चौदा होता, या खेपेला सोळा. म्हणजे सिंधु आणखी काहीतरी बरं करून राहिलीय, अन् काय ते मला ठाऊक न्हाई. चौदा लिहिलं असतं तर कोणाला कळणार होतं? सोळाच लिहिलं, तिच्या छापील आकड्यांखाली माझा मुंगीसारखा. आज परत बघायचाय. तो दहाच्या खाली यावा असं मला लई वाटून राहिलंय, पण जे दिसेल तेच लिहीन.