कुणाच्या नावानं प्लाचिंता

इथे ज्याच्या नावानं वाढाल, ते तिकडे परलोकात त्याच्या ताटात पडतं, असं आमच्या गावात मानतात. म्हणून दर उन्हाळ्यात, मृतांच्या शनिवारी, एव्दोकियाबाई चर्चच्या अंगणात चीज-मनुका भरलेल्या गरमागरम प्लाचिंता वाटायच्या. देताना म्हणायच्या, "सोफ्रोनीबाबांच्या नावानं." घेणारा म्हणायचा, "देवाला पोचो."

सोफ्रोनीबाबा बाईंचे खापरपणजोबा, याच चर्चचे धर्मगुरू. त्यांनी घरी राबणारे रोमा जमातीचे गुलाम आपणहून सोडले आणि या प्लाचिंतेची कृतीही त्यांचीच, असं बाईंनी चाळीस वर्षं शाळेतल्या पोरांना घोकायला लावलं होतं.

यंदा त्यांनी घराण्याचा इतिहास लिहायला घेतला. शनिवारच्या आदल्या दिवशी भाची इलिंका शहरातल्या दफ्तरखान्यातून बाबांच्या एका पत्राची नक्कल घेऊन आली. बाबांनी बिशपना लिहिलं होतं: "गुलाम सोडायला लावणारा कायदा हे पाप आहे. साफ्ता गेली तर मला प्लाचिंता कोण करून घालणार?"

"मावशी, बाबांनी नाही, कायद्यानं सोडलं त्यांना."

"वाचता येतं मला. आणि मेल्याची प्लाचिंतासुद्धा स्वतःची नाही."

बाईंना गुलामांच्या आधी प्लाचिंताच झोंबली, आणि मग त्याचीच लाज वाटली.

"कुणाला कळणार आहे? ठेव गुंडाळून," इलिंका म्हणाली.

पण बाईंच्या डोळ्यांपुढे ग्योचेल आला. रोमा वस्तीतला म्हातारा फिडलवाला, त्यांचा जुना स्नेही, दरवर्षी रांगेत पहिला. त्याच्याच तोंडून आपण असल्या बाबांसाठी "देवाला पोचो" म्हणवून घेतलं. सांगावं तर स्नेह तुटेल, न सांगावं तर घास घशाखाली उतरायचा नाही.

शनिवारी ग्योचेलनं हात पुढे केला आणि बाईंनी प्लाचिंतेऐवजी पत्र काढलं. शाळेतल्या खणखणीत आवाजात, अख्ख्या गावासमोर, शेवटपर्यंत वाचलं.

ग्योचेल हसला नाही. "तिचं नाव काय म्हणालात?"

"साफ्ता. आडनाव लिहिलेलं नाही."

"आमची कुठली लिहितायत." त्यानं प्लाचिंता उचलली. "साफ्ताच्या नावानं. देवाला पोचो." मग एक घास खाऊन म्हणाला, "आमच्या आजीची याहून चांगली असायची, बाई. तुमच्या घरात राहून चव बिघडली हिची."

पहिल्या हसल्या त्या बाईच, डोळे पुसत. मग अंगणभर हशा उसळला.

चर्चमध्ये वाचायच्या मृतांच्या चिठ्ठीवर बाईंनी सगळ्यात वर साफ्ताचं नाव घातलं. पेन्सिल सोफ्रोनीबाबांपाशी अडली. "याला खोडू?"

"राहू द्या तळाशी. प्रार्थना करू की त्याच्यासाठी, गरज त्यालाच जास्त आहे," ग्योचेल म्हणाला. "पण प्लाचिंता नाही मिळायची."

त्यानं फिडल खांद्याला लावलं. परातीच्या पराती रिकाम्या झाल्या, सगळ्या साफ्ताच्या नावानं. तिकडे सोफ्रोनीबाबा कोरडं ताट घेऊन बसले असतील, या विचारानं बाईंना परत परत हसू येत होतं. आणि साफ्ताला आज पहिल्यांदा कुणीतरी वाढत होतं.