सातवं पाणी

“सर, हा उजेड कणाईचा नाही. हा साबनाचा हाय.”

काळ्या पेटीत डोकं घालून बसलेल्या पापळकर सरांनी मान बाहेर काढली. पेटीत जांभळा दिवा लावला होता आणि त्याखाली काचेच्या कुपीतलं पाणी निळंशार पेटलं होतं. असा लख्ख उजेड रसायनशास्त्राच्या त्या विभागात चार वर्षांत कुणी पाहिला नव्हता. सरांचं हसू हंसाबाईंच्या बोलण्यानं जागच्या जागी आंबलं.

“हंसाबाई, तुम्ही भांडी घासा,” ते म्हणाले. “विज्ञान आमच्याकडं राहू द्या.”

हंसाबाई राठोड तालुक्याच्या त्या कॉलेजात चोवीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होत्या. परिचर म्हणजे काय, तर काचेची भांडी धुणारी बाई. पण धुणं कसं म्हणाल तर पूजेच्या उपकरणांनाही कुणी इतकं जपत नसेल. सहा पाणी नळाचं, सातवं डिस्टिल्ड वॉटरचं, आणि प्रत्येक पाण्याला सेवालाल महाराजांचं नाव. एखादं पाणी चुकलं तर उपास मोडल्यासारखी दिवसभर रुखरुख लागायची. कपड्यांची पावडर तर त्या मोरीत ठेवूच देत नसत. पावडरीत पांढरेपणा खुलवायला जे काही घालतात, ते जांभळ्या दिव्याखाली निळं चमकतं. हे त्यांना पुस्तकानं नाही, सरांच्याच इस्त्रीच्या शर्टानं शिकवलं होतं. सरांनी पेटीत हात घातला की बाही अशीच पेटायची.

खरे कण हिरवे दिसत. ते कशफ करायची. उमरखेडच्या जब्बार मिस्त्रीची ही लेक पीएच.डी.साठी इथं खोली घेऊन राहत होती. तुरीची टरफलं पाण्यात घालायची, पोलादी डब्यात घट्ट कोंडायची आणि भट्टीत तापवायची. त्यातून केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाएवढे कण निघत आणि जांभळ्या दिव्याखाली ते मंद हिरवे उजळत. उजेड वाढावा म्हणून कधी ती चिमूटभर युरिया घाली, कधी आच वाढवी.

“हे कण कॅन्सरच्या गाठीले जाऊन चिकटले पायजे, मावशी,” ती सांगायची. “मंग गाठ जवारीच्या दान्याएवढी असली तरी डॉक्टरले दिसन.”

हंसाबाई हातातलं भांडं तसंच धरून ऐकत. त्यांची धाकटी बहीण लालीबाई हिला ‘काही नाही’ म्हणून दोनदा दवाखान्यातून परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा गाठ लिंबाएवढी झाली होती. तिच्या दिवसकार्यालाच हंसाबाई चार दिवस फुलसावंगीला गेल्या होत्या. नेमका त्याच चार दिवसांत हा निळा उजेड पडला होता.

त्यांनी कशफला मोरीपाशी गाठलं. “भांडे कोनं धुतले?”

“मीच, मावशी. सर म्हने, शुक्रवारी कमिटी येऊन राह्यली, पावडर टाक अन् हात चालव.”

“पानी किती?”

“एक.”

“एक! अवं, टपरीवाला कपालेबी दोन पानी देते!”

कशफला हसू आलं आणि लगेच डोळेही भरले. “मलेबी वाटलं काहीतरी चुकलं म्हून. पन सर इतके खूश झाले, पेढे आनले. आता काय सांगू त्याईले? ते गाइड हायेत माहे.”

“उद्या नागपूरच्या दवाखान्यात नेऊन गाठीवर टाकतीन हे पानी, तवा कोनाले काय दिसन? जिथं गाठ नाही तिथं दिवाळी, अन् जिथं हाय तिथं अंधार!”



शुक्रवारी संशोधनाचं काम तपासणारी कमिटी आली. कमिटीतल्या बाईंनी पेटीत पाहिलं, वाहवा केली. सर कणांच्या रचनेवर बोलू लागले. तेवढ्यात हंसाबाई पुढं झाल्या. चोवीस वर्षांत पाहुण्यांसमोर चहाच्या तबकाशिवाय त्या कधी आल्या नव्हत्या.

“मॅडम, एक डाव हेबी पाहा.”

त्यांनी दुसरी कुपी पेटीत ठेवली. तीही तश्शीच निळी पेटली.

“यात काय आहे?”

“नुसतं पानी हाय. पावडरीनं धुतलेल्या कुपीतलं.”

बाईंनी चष्मा काढला. “सर, डिटर्जंटला तुम्ही नॅनोकण म्हणताय? आणि हे तुम्ही पेशींवर टाकायला पाठवणार होतात?”

सरांची पापणीही लवली नाही. “अटेंडंटचा निष्काळजीपणा, मॅडम. साधी भांडी धड धुता येत नाहीत या लोकांना.”

या लोकांना! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. हंसाबाईंनी कशफकडं पाहिलं. कशफ फरशीकडं पाहत होती. हंसाबाईंच्या अंगाचा भडका उडाला, पण उभ्या जन्मात त्या कुणावर ओरडल्या नव्हत्या; शब्द ओठाशी येईना. तोवर कमिटी जेवायला निघून गेली.

सोमवारी सरांनी टाइप केलेला कागद पुढं सरकवला. ‘माझ्या हातून भांडी नीट धुतली गेली नाहीत, क्षमा असावी.’

“सही करा, विषय संपला. नोकरीला काही होत नाही.”

“अन् नावाले?”

“नावाचं काय घेऊन बसलात? कोण ओळखतं तुम्हाला?”

“देव वळखते,” हंसाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण बाजूच्या टेबलावरच्या कारकुनानं मान वर केली. “मी त्या दिशी रजेवर होती, सर. रजेचा अर्ज तुमच्याच सहीचा हाय. कोनाचं पाप धुवाचं कामबी परिचराकडंच देता काय?”

त्यांनी पेनाला हात लावला नाही. बुधवारी बदलीचा हुकूम निघाला. जुन्या उत्तरपत्रिकांची खोली, मागच्या इमारतीत. तिथं नळही नव्हता.

बारा दिवसांनी कशफ तिथं आली, छातीशी प्रयोगवही धरून. गठ्ठ्यांतली धूळ झटकत हंसाबाई म्हणाल्या, “काय वं, वाट चुकली?”

कशफनं वही उघडून पुढं धरली. हंसाबाईंनी एकेक अक्षर लावत वाचलं. ‘निळा उजेड डिटर्जंटचा होता. भांडी मी धुतली, पावडरीनं, एका पाण्यात. हंसाबाई राठोड रजेवर होत्या.’ खाली खऱ्या कणांच्या उजेडाचा आकडा होता. अगदीच लहान.

“सरले दाखवलं?”

“दाखवलं. म्हने पान फाड. मी नाही फाडलं. आता गाइड बदलून भेटते का ते पाहून राह्यली.” कशफनं पानाखालच्या चौकटीवर बोट ठेवलं. “खाली साक्षीदाराची सही लागते, मावशी. तारीख काय टाकू, त्या दिसाची?”

“लिहून राह्यली आज, अन् तारीख त्या दिसाची काहून? आजची टाक.”

कशफनं तारीख टाकली. हंसाबाईंनी धुळीचे हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, आणि वही मांडीवर घेतली. हंसाबाई भीमसिंग राठोड. चौकट छोटी होती; आडनाव तिच्या बाहेर गेलं.