हीटरशेजारचं स्प्रूस

लिफ्ट बसवणाऱ्या या गड्याला अख्खी गल्ली उचापती म्हणायची, आणि त्याला त्याचा अभिमानच होता. पन्नाशी दारात आली तरी खोड काही जात नव्हती. घरजावई म्हणून राहत होता, पण वचकून नव्हे. प्लास्टिकच्या फर्नला सासूबाईंकडून सगळा उन्हाळा पाणी घालून घेतलं, ही त्याची सगळ्यात गाजलेली कामगिरी. कागदी गुलाबांना अत्तर लावून हुंगायला लावलं, ते वेगळंच.

आता मात्र पंचाईत झाली होती, कारण कुंडीतलं स्प्रूस, म्हणजे थंड मुलखातलं सुईसारख्या पानांचं झाड, खरं होतं. घरात हे झाड जगायचं नाही, असं रोपवाटिकेतला माळी म्हणाला, म्हणूनच त्याने हट्टाने आणलं आणि वीतभर रोपाचं कमरेएवढं करून दाखवलं. काचेच्या गॅलरीत, गारठ्यात, भरपूर उजेडात ठेवायचं. माती वरून सुकली की पाणी, कुंडीत तळं करायचं नाही. हीटरजवळ नेलं की सगळ्या सुया झडून खराटाच उरणार. आणि ऐन थंडीत त्याला महिनाभर परगावी कामाला जायचं होतं.

हे झाड खरं आहे, नीट सांभाळा, म्हणून त्याने सासूबाईंपुढे शपथा घेतल्या. बायको हसून हसून बेजार झाली. म्हणाली, अहो, या वेळी जरा नवीन काहीतरी काढा. शेवटी त्याने एक डहाळी मोडून सासूबाईंच्या हातात चुरगळली.

"अत्तर झकास आहे, जावईबापू," हात झटकत त्या म्हणाल्या. "हीटरशेजारी शोभून दिसेल. प्लास्टिकला काय उन्हाळा नि काय हिवाळा."

तिकडे तो दिवसभर लिफ्टच्या खोल, उभ्या पोकळीत लोंबकळून दोर ताणायचा आणि संध्याकाळी फोन करायचा. सासूबाईंचं उत्तर ठरलेलं. हीटरशेजारी मजेत आहे, एक सुई गळली नाही. इतक्या वर्षांची मेहनत, आणि ती आपल्याच थापांनी मारायची!

परतला तो बूट न काढताच बैठकीत शिरला. हीटर धगधगत होता आणि शेजारी झाड हिरवंगार उभं. उचापतीचा जीव भांड्यात पडला. वेळेवर आलो म्हणत त्याने झारी उचलली आणि भडाभडा ओतली. पाणी कुंडीतून थेट त्याच्या बुटात उतरलं.

"सावकाश," मागून सासूबाई म्हणाल्या. "ते पीत नाही."

खरं झाड गॅलरीत होतं, सुयांनी गच्च, शेंड्यावर टपोरे कोंब धरून. त्या दिवशीच्या डहाळीचा चीक सासूबाईंच्या बोटांना चिकटला होता. साबणाने जाईना, तेल चोळावं लागलं. अत्तर काही असं चिकटत नाही, एवढं त्यांना कळत होतं. मग शेजारणीच्या माळ्यावरचं प्लास्टिकचं झाड आणून हीटरशेजारी मांडलं, बायकोलाही कटात घेतलं, आणि फोनवर बोलल्या त्यात एक शब्द खोटा नव्हता.

उचापती ओल्या बुटासकट खुर्चीत बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. फर्नचा हिशेब फिटला होता, तोही व्याजासकट. मग डोळे पुसून त्याने सासूबाईंकडे खुर्ची सरकवली.

"आई, हे प्लास्टिकचं झाड चार दिवस इथेच राहू द्या. रोपवाटिकेतला तो माळी झाड बघायला येतो म्हणालाय."

सासूबाईंनी चष्मा पुसला आणि उठून हीटर आणखी वाढवला.